वाचल्यानंतरचे जगणे : ठाणे ते कल्याण

कर्करोगातून बरे झालेल्या माणसाच्या मनाचे पुढे काय होते, हा प्रश्न ठाणे-कल्याण पट्ट्यात फार उशिरा विचारला गेला. 'वाचला' एवढे पुरेसे मानले जाई. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि पुढे कित्येक दशके इथल्या रुग्णांची वाट तिकडेच गेली. 'शेक', म्हणजे किरणोपचार, आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे. लोकलच्या अपंगांच्या डब्यात कर्करुग्णांनाही मुभा असते. परतीसाठी परळहूनच सुटणाऱ्या गाड्या मात्र ३ मार्च २०१९पासूनच्या. घरात आजाराचे नाव टाळले जाई, विशेषतः लग्नाची मुलगी असेल तर. हे लपवणे रुग्णाला आजाराइतकेच एकटे पाडी.

उपचार संपल्यावरच्या काळाकडे पाहणारी पहिली ठळक सोय १९९१ची : बालपणी कर्करोग झालेल्यांसाठी टाटा रुग्णालयाने उपचारोत्तर क्लिनिक काढले. १९९४मध्ये स्वतः या आजारातून गेलेल्या वंदना गुप्ता यांनी कर्करुग्णांसाठी व्ही केअर संस्था उभारली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेल्या 'आयपीएच' या मानसिक आरोग्याच्या संस्थेने मानसोपचाराचा दरवाजा सामान्य घरांना उघडून दिला. ती संस्था कर्करोगापुरती नव्हती, पण मनाच्या दुखण्यासाठी मदत मागण्याचा संकोच ओसरण्यात तिचा वाटा मोठा.

मन सावरताना लक्षात येते की जगण्याचा अर्थ आणि सुख एकच नव्हेत. आजार उलटेल ही भीती प्रत्येक फॉलोअपच्या आधी डोके वर काढते, तरीही जगणे अर्थपूर्ण वाटू शकते. छळछावणीतून वाचलेल्या व्हिक्टर फ्रँकल यांच्या विचारांवर न्यूयॉर्कच्या विल्यम ब्राइटबार्ट यांनी कर्करुग्णांसाठी गटोपचार रचले. नेदरलँड्समध्ये २०१७च्या चाचणीत बरे झालेल्यांनाही या गटोपचारांचा उपयोग दिसला. आपल्याकडे ही पद्धत रुळलेली नाही. इथे अर्थ बहुधा कामातून परततो : पुन्हा आठ-वीसची लोकल, पुन्हा शिकवण्या, नव्या रुग्णाबरोबर केमोला सोबत. मात्र कर्जात बुडालेल्या घराला अर्थाविषयी ऐकवणे क्रूरपणाचे ठरेल. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना नोव्हेंबर २०१३मध्ये राज्यभर लागू झाली, त्यात ठाणे जिल्हाही आला. तिने शस्त्रक्रिया, केमो आणि शेकाचा भार हलका केला. उपचारांनंतरच्या मनाची देखभाल मात्र अजून बहुतांशी स्वयंसेवी संस्थांवरच आहे.