लिहिलेली लांबी, मोजलेली लांबी

भोसरीतल्या एका शेडमध्ये वेल्डरने ५० बाय ५०च्या चौकोनी पाइपचे चार तुकडे टेबलावर गुण्यात लावले आणि मला हाक मारली, "साहेब, फ्रेम लहान येतेय." बाहेरून बाहेर १००० मिमी हवे होते, टेप ९५० दाखवत होता. कटिंग लिस्टमध्येही ९५०च छापले होते. त्याने बरोबर कापले होते, चूक माझ्या मॉडेलमध्ये होती. सोळा तुकडे वाया गेले.

फ्रेमचा सांगाडा मी पाइपच्या मध्यरेषेवर काढला होता. कोपरे ४५ अंशांत कापले की त्याच पाइपची लांबी बाहेरच्या कडेने १०००, मध्यावर ९५० आणि आतून ९०० भरते. तिन्ही आकडे खरेच. करवतीला मात्र बाहेरचाच लागतो, आणि माझ्या लिस्टने मधला उचलला होता.

संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये एका रेषेला दुसरीशी नात्याने बांधायची कल्पना इव्हान सदरलँड यांनी १९६३ साली एमआयटीतल्या 'स्केचपॅड'मध्ये दाखवली. 'प्रो-इंजिनिअर'ने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती कारखान्यात आणली. १९९५ साली 'सॉलिडवर्क्स' आणि १९९९ साली 'इन्व्हेंटर' आल्यावर ती लहान वर्कशॉपच्याही आवाक्यात आली. आज रुंदीचा एक आकडा बदलला की अख्खी फ्रेम हलते. म्हणूनच लिस्टवर आपला नको तितका विश्वास बसतो.

लिस्टमधली लांबी बहुतेक वेळा पाइप मोजून आलेली नसते, ती कुठेतरी लिहून ठेवलेली असते. 'इन्व्हेंटर'च्या फ्रेम जनरेटरमध्ये प्रत्येक पाइपच्या फाइलीत 'बी_एल' आणि 'जी_एल' असे दोन आकडे असतात. पहिला मूळ रेषेचा, दुसरा टोके छाटल्या-वाढवल्यानंतरचा. बिल ऑफ मटेरियलला दुसरा हवा. पण घाईत कुणी ती फाइल उघडून साध्या कटने टोक उडवले, तर चित्रात पाइप आखूड दिसतो आणि 'जी_एल' जुनाच राहतो. हा दोष मला सर्वांत घातक वाटतो, कारण पडद्यावर सगळे ठीक दिसते.

लांबी चुकण्याची बाकीची कारणे पटकन सांगतो. सांगाड्याची एखादी रेष पुरती बांधलेली नसते आणि माप बदलताच सरकते. रिबिल्ड अर्धवट राहते. 'सॉलिडवर्क्स'मध्ये त्यासाठी कंट्रोल-क्यू दाबून सगळे नव्याने बांधून घ्यावे. छाटणी ज्या पृष्ठभागाला धरून केली, त्याचे अंतर्गत नाव मॉडेल बदलताना बदलते आणि टोक भलतीकडे जाऊन बसते. 'फ्रीकॅड' वापरणाऱ्यांना या दुखण्याने वर्षानुवर्षे छळले, २०२४च्या १.० आवृत्तीत ते बरेच आटोक्यात आले.

माझी खात्रीची तपासणी साधी आहे. पाइपचे घनफळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागायचे. टोके सरळ किंवा ४५ अंशांत कापलेली असतील, तर उत्तर मध्यरेषेची लांबी येते. ४५च्या प्रत्येक टोकाला पाइपच्या रुंदीचा निम्मा भाग मिळवायचा: ९५० अधिक २५ अधिक २५, म्हणजे १०००. घनफळ प्रत्यक्ष आकारावरून निघते, लिहून ठेवलेल्या आकड्यावरून नाही. दुसरी परीक्षा: रुंदी मुद्दाम ३७ मिमीने वाढवायची आणि लिस्टमधल्या आडव्या पाइपांपैकी कोणता हलला नाही ते पाहायचे. न हललेला तुकडा म्हणजे चोर सापडला.

मॉडेल बिनचूक असले तरी कटऑफ मशीनची चकती दर कापाला सुमारे ३ मिमी खाते. सहा मीटरच्या पाइपमधून एक मीटरचे सहा तुकडे कागदावर निघतात. शेडमध्ये पाचच पूर्ण निघतात, सहावा आखूड पडतो.

फ्रेमची ड्रॉइंग काढणाऱ्या माझ्या मित्रांनो, लिस्टच्या डोक्यावर 'लांबी बाहेरच्या टोकापासून बाहेरच्या टोकापर्यंत' एवढी एक ओळ लिहा, आणि पहिला तुकडा कापला की वेल्डरसोबत उभे राहून टेप लावा.