मोडलेल्या हाडाआधी गारठा

भर पावसात सह्याद्रीच्या कड्यावर कुणी घसरून पडलं, तर १०८ची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंतच येते. पुढची चिखलवाट तुडवतात ते लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्थांचे स्वयंसेवक आणि वाडीतली माणसं. तीही बहुतेकदा पदरमोड करून. स्ट्रेचर खाली आणायला कित्येक तास लागतात, आणि तेवढ्यात मोडलेल्या हाडापेक्षा गारठाच घात करू शकतो.

आपल्याकडे कसला आलाय गारठा, असं वाटेल. पण ओले कपडे आणि वारा अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेतात. शरीराचं आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली उतरलं की हायपोथर्मिया. त्यात रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, जखम वाहतच राहते. म्हणून आधी रक्तस्राव दाबून धरायचा, मग आडोसा करायचा. ओले कपडे ओढून नव्हे, कापून काढायचे, म्हणजे दुखावलेला मणका हलत नाही. अंगावर कोरडं पांघरूण, त्यावर प्लास्टिक. जमिनीचा गारवाही लागू द्यायचा नाही.

दारूचा घोट मुळीच नको. त्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उरलीसुरली ऊबही निसटते. कुडकुडणारा जखमी एकाएकी शांत झाला, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका. वाटेवर असलेल्या पथकाला ताबडतोब कळवा.