पहिली रायफल दहा मीटरची

कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ जिंकलं. कवठे येमाई गावच्या एखाद्या पोराने त्यानंतर "मलाही लांबचा नेम शिकायचाय, कुठली रायफल घेऊ?" असं विचारलं, तर उत्तराआधी चार गैरसमज बाजूला सारावे लागतात.

लांब मारायचं तर लांब पल्ल्याची रायफल हवी, हा सगळ्यांत घट्ट बसलेला. सुरुवात १० मीटरवर, एअर रायफलनेच करावी. तिथे दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. छर्ऱ्याची कड टेकली तरी दहा गुण मिळतात, पण त्यासाठी छर्ऱ्याचा मध्य ठिपक्याच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडायला हवा. बंदिस्त रेंजवर वारा नसतो. नेम चुकला तर चूक उभं राहण्यात, श्वासात किंवा चाप ओढण्यात शोधायची. ५० मीटरवर उघड्यात वारा आला की स्वतःची चूक आणि वाऱ्याचा परिणाम वेगळा काढणं नवशिक्याला जमत नाही.

जोरदार रायफल अचूक असते, हेही खरं नाही. स्पर्धेच्या एअर रायफलचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगानेच जातो. दणकट स्प्रिंगची एअरगन मात्र छर्रा नळीतून सुटायच्या आतच हिसका देते. दुर्बिणीवरही पैसे घालू नयेत. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत ती चालत नाही, बारीक छिद्रातून बघायचं असतं. खरा खर्च दस्त्यावर करावा. गाल टेकायची आणि खांद्याला लागायची बाजू मागेपुढे, वरखाली होते का ते पाहावं, कारण पोरगं वाढतं आणि रायफल वाढत नाही. एअर रायफलच्या वजनाची कमाल मर्यादा साडेपाच किलो; बारा वर्षांच्या पोराला ती गाठायची काहीच घाई नाही. बालेवाडीच्या रेंजवर किंवा एखाद्या क्लबात जाऊन आधी तिथल्या रायफलींवर हात बसवावा, खरेदी मागाहून.

घरात पीकसंरक्षणाची बाराबोअर असेल तर तिच्यावर सराव होत नाही. तिच्या नळीत आटे नसतात आणि ती छर्ऱ्यांचा फवारा टाकते.

उरला परवाना. २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या, ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलला २०१६च्या शस्त्र नियमांनुसार तो लागत नाही. पॉइंट टू-टू रायफलला लागतोच. पण परवाना नाही म्हणजे खेळणं नव्हे. मोराची चिंचोली कवठे येमाईच्याच तालुक्यात आहे, आणि मोरावर झाडलेला छर्रा १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली थेट गुन्हा ठरतो.