विहिरीवरील मोटार आणि तारेंतील दाबाचा हिशेब

विहिरीवरील मोटार जळाली कीं प्रथम मोटार बनविणाऱ्यास आणि मागाहून वीज पुरविणाऱ्यास बोल लावावयाचा, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. पुष्कळदां तो बोल योग्यही असतो. परंतु मीटरपासून विहिरीपर्यंत जी तार आपण स्वतःच्या पैशानें ओढलेली असते, तिची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. त्या चौकशीस इंजिनियर लागत नाहीं. ज्यास खातेवहीचा ताळा घेतां येतो त्यास ती करतां येते. प्रस्तुत लेखकाचा जन्म महसुली कचेरींत आंकडे जुळविण्यांत गेला, एवढ्याच अधिकारावर पुढील मजकूर लिहीत आहे.

विजेच्या मंडलांत मुख्यतः तीन गोष्टी मोजतात: दाब व्होल्टांत, प्रवाह अँपियरांत व रोध ओहमांत. पाण्याचा व्यवहार ज्यानें केला आहे त्यास हें समजण्यास अडचण नाहीं. उंचावरच्या टाकींतील पाण्यास जो जोर असतो तो दाब; नळांतून दर क्षणीं जितकें पाणी वाहतें तो प्रवाह; आणि नळ जितका अरुंद व लांब तितकी अडवणूक अधिक, तो रोध. या तिहींचें नातें जर्मनींतील गेओर्ग ओहम यानें १८२७ सालीं ग्रंथरूपानें मांडलें. प्रवाहाच्या आंकड्यास रोधाच्या आंकड्यानें गुणावें. जो गुणाकार येईल तितका दाब त्या रोधावर खर्ची पडतो.

पुढें १८४५ सालीं गुस्टाफ किर्खहॉफ या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें दोन नियम दिले. ते वाचून मला तर आमच्या वसुलाच्या वह्याच आठवल्या. पहिला असा कीं, तारांच्या कोणत्याही जोडावर जितका प्रवाह येतो तितकाच तेथून निघतो. मध्यें साठत नाहीं. दुसरा असा कीं, मंडलाचा पूर्ण फेरा घेतला म्हणजे जमेस धरलेला सर्व दाब खर्चांत दाखवितां आलाच पाहिजे, शिल्लक शून्य. मोटारीस जो दाब मिळाला नाहीं तो वाटेंत कोठें तरी खर्ची पडलेला असतो.

एक उदाहरण घेऊं. मीटरजवळ दाब २३० व्होल्ट. एक फेजची मोटार १० अँपियर घेते. विहीर ३०० मीटर दूर. केबल तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची. अशा तारेचा रोध दर १०० मीटरांस सुमारें ०.७ ओहम. वीज जाते तशी परतही येते, हें पुष्कळजण विसरतात. म्हणून लांबी ३०० नव्हे, ६०० मीटर धरावयाची. रोध झाला ४.२ ओहम आणि दाबाचा खर्च ४२ व्होल्ट. मोटारीच्या वांट्यास राहिले १८८. (मोटारीचा प्रवाह उलटसुलट वाहणारा असल्यानें खरा खर्च याहून थोडा कमी भरतो, पण शेतकऱ्यानें हिशेब कडक धरलेलाच बरा.) तीच तार ६ चौरस मिलिमीटरची असती तर खर्च १८ व्होल्टांच्या आंत राहिला असता. ॲल्युमिनियमची तार स्वस्त खरी, परंतु सारख्या जाडीस तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक, हें भाव विचारतांना ध्यानांत ठेवावें.

दाब कमी मिळाला म्हणून मोटार काम कमी करून भागवीत नाहीं. पाणी तितक्याच उंचीवर चढवावयाचें असल्यानें ती अधिक प्रवाह ओढते. आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. १० चे १२ अँपियर झाले कीं वाइंडिंगमधील उष्णता जवळजवळ दीडपट होते. मोटार जळते ती अशी, हळूहळू, आणि बहुधा ऐन रब्बीच्या पाण्याच्या वेळीं. सुरू होतांना तर स्थिति आणखी बिकट. त्या क्षणीं मोटार पूर्ण दाबावर पांच-सहा पट प्रवाह मागते, म्हणजे तिचा स्वतःचा रोध जेमतेम साडेचार ओहम भरतो. बाहेर तारेचा ४.२! दाबाची वांटणी दोघांत निम्मी-निम्मी होते आणि मोटार जागच्या जागीं गुणगुणत राहते.

यावरून जी व्यवहारी गोष्ट निघते तीच मला मुख्यतः सांगावयाची आहे. मोटार बंद ठेवून स्टार्टरवर दाब मोजला तर तो पूर्ण भरतो. प्रवाह नाहीं तेथें गुणाकार शून्य. तार कितीही निकृष्ट असो, त्या वेळीं ती उघडी पडत नाहीं. वायरमनकडून मोजणी करवावी ती मोटार पाण्यावर चालू असतां, आणि दोन ठिकाणीं: मीटरजवळ व विहिरीवरील स्टार्टरवर. दोहोंतील फरक हा आपल्या तारेचा व आपल्या जोडांचा. मीटरजवळच दाब उणा भरला तर तेवढी तूट लाइनीची, आणि अर्ज त्याच तुटीपुरता, आंकड्यांसह करावा. आंकडा नसलेल्या अर्जाचें कचेरींत काय होतें तें मीं पुष्कळ वर्षें पाहिलें आहे.

जोडांची झडती निराळी घ्यावी. गंजलेल्या जोडाचा रोध एक ओहम भरला तर १० अँपियरांवर त्या एकाच ठिकाणीं १०० वॅट उष्णता निघते. टेप वितळलेली दिसते ती यामुळें.

लाइनीवरही पहिलाच नियम चालतो. एका तारेवर पांच शेतकऱ्यांच्या मोटारी असल्या तर रोहित्राजवळच्या तुकड्यांतून पांचांचाही प्रवाह जातो, आणि शेवटच्या खातेदारास सर्वांच्या खर्चानंतर उरलेला दाब मिळतो. पाटाच्या शेपटाकडील जमिनीचें दुःख तेंच. वीज परत येतांच सर्व मोटारी एकदम सुरू करणारे ऑटोस्विच यांत भर घालतात. शेजाऱ्यांनीं आपसांत पाळी ठरवून थोड्या थोड्या अंतरानें मोटारी लाविल्या तर सर्वांचेंच वाइंडिंग वांचतें. परंतु पाण्याच्या पाळीसारखी ही पाळी अजून कोणी मनावर घेत नाहीं.

पहिल्या नियमाचा सर्वांत मोलाचा उपयोग जिवाशीं निगडित आहे. फेजनें गेलेला प्रवाह न्यूट्रलनें तितकाच परत यावयास पाहिजे. कमी आला तर तो ओल्या जमिनींतून, लोखंडी पाइपांतून किंवा पंपास हात लावलेल्या मनुष्याच्या अंगांतून चालला आहे. फ्यूजला हें कळत नाहीं. एका अँपियरचा दहावा भागही प्राणघातक ठरूं शकतो, आणि फ्यूज तर कित्येक अँपियरांची वाट पाहत बसतो. ई.एल.सी.बी. नांवाचा ब्रेकर मात्र हाच ताळा अष्टौप्रहर घेत असतो. घेतांना ३० मिलिअँपियरांचा मागावा. तेवढी तफावत दिसतांच तो क्षणार्धांत वीज तोडतो. त्यावर चांचणीचें बटण असतें. महिन्यांतून एकदां तें दाबून पाहावें, आणि ब्रेकर पडला नाहीं तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां तो बदलावा.