अहिंसेचा यम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पातंजल योगसूत्रांत योगाच्या आठ अंगांचा क्रम यमांपासून सुरू होतो. आसनाचा क्रमांक तिसरा आहे. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे पाच यम साधनपादाच्या तिसाव्या सूत्रात सांगितले आहेत. त्यांतला पहिला अहिंसेचा. या सूत्रावरील व्यासभाष्य बाकीच्या यम-नियमांचे मूळ अहिंसेतच पाहते: ती अधिक निर्मळ व्हावी एवढ्यासाठी ते पाळायचे. योगाचा पायाच असलेल्या या यमाबद्दल काही समजुती मात्र फार पक्क्या बसल्या आहेत.

गैरसमज १: कुणावर हात उगारला नाही की अहिंसा पाळली.

वस्तुस्थिती: व्यासभाष्याने अहिंसेची कसोटी मनात ठेवली आहे. कोणत्याही प्राण्याविषयी, कोणत्याही वेळी, कोणत्याही प्रकारे द्रोहाची भावना नसणे म्हणजे अहिंसा. टोमणा, अबोला, चारचौघांत केलेला पाणउतारा यांत कुणाच्या अंगाला हात लागत नाही, पण दुखावण्याचा हेतू असतो. आजचा कायदाही हे मान्य करतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या अधिनियमात शारीरिक छळाबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शाळेत मुलांना मारण्यास बंदी घातली, तशीच त्यांच्या मानसिक छळालाही.

गैरसमज २: स्वतः केले नाही, तर दोष लागत नाही.

वस्तुस्थिती: योगसूत्रे हिंसेचे तीन प्रकार सांगतात: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती संमती दिलेली. तिन्हींच्या मुळाशी लोभ, क्रोध किंवा मोह असतो आणि प्रत्येकीची मात्रा सौम्य, मध्यम किंवा तीव्र असते. भाष्यकार हे गणित आणखी पुढे नेऊन हिंसेचे ८१ भेद मोजतात. नायलॉन मांजाच्या उदाहरणावरून हे सहज समजते. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्याच्या मनात कुणाला इजा करण्याचा विचारही नसतो. पण काटाकाटीत आपला पतंग टिकावा या हौसेने तो न तुटणारा मांजा घेतो. झाडावर, तारांवर अडकून राहिलेल्या त्या दोऱ्यात पक्ष्यांचे पंख कापले जातात. रस्त्यावर आडवा आलेला दोरा दुचाकीस्वाराचा गळा चिरतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली. तरीही तो चोरून विकणारा, विकत घेणारा आणि ‘सणाला चालायचेच’ म्हणून कानाडोळा करणारा हे तिघेही त्या जखमेचे वाटेकरी ठरतात.

गैरसमज ३: शाकाहार केला की अहिंसा पूर्ण झाली.

वस्तुस्थिती: जिवाला कमीत कमी पीडा व्हावी म्हणून आहार बदलणे हे अहिंसेचे मोठे अंग आहे; योग आणि जैन या दोन्ही परंपरांनी त्याला महत्त्व दिले आहे. पण ताटापुरती अहिंसा अपुरी असते. पारंपरिक पद्धतीत रेशमाचा अखंड धागा मिळवण्यासाठी कोषातले किडे उष्णतेने मारले जातात. आहार शुद्ध ठेवणाऱ्या घरातही कामवाल्या बाईंचा पगार आजारपणाच्या रजेपायी कापला जाऊ शकतो. शिवाय पतंजलींच्या मते जात, देश, काळ आणि प्रसंग यांची मर्यादा न घालता पाळलेली अहिंसा हेच महाव्रत. भाष्यात त्यासाठी मासे मारणाऱ्या कोळ्याचे उदाहरण येते: त्याची हिंसा फक्त माशांपुरती, म्हणून त्याची अहिंसाही मर्यादित. तीर्थक्षेत्री किंवा चतुर्दशीला हिंसा टाळणेही असेच मर्यादित. श्रावण पाळणे किंवा एकादशीला मांसाहार सोडणे हे नेमही याच जातीचे आहेत. ते चांगले आरंभ आहेत, पण व्रत तेवढ्यावर संपत नाही.

गैरसमज ४: अहिंसक माणसाने अन्याय मुकाट्याने सोसावा.

वस्तुस्थिती: भीतीपोटी गप्प राहणे आणि द्वेष न बाळगता उभे राहणे यांत मूलभूत फरक आहे. गांधीजींनी १९२० मध्ये ‘यंग इंडिया’त स्पष्ट लिहिले होते, की भित्रेपणा आणि हिंसा एवढेच दोन पर्याय असतील, तर ते हिंसेचा सल्ला देतील, अहिंसा मात्र त्यांना हिंसेहून कितीतरी श्रेष्ठ वाटत होती. जैन आचारशास्त्रातही गृहस्थाने जाणूनबुजून, ठरवून केलेली हिंसा आधी सोडायची असते. स्वसंरक्षणात घडणारी हिंसा त्याहून वेगळी मानली आहे. मारहाण होणाऱ्या घरातून बाहेर पडणे, पोलिसांत तक्रार देणे, त्रास देणाऱ्याला ठामपणे अडवणे यांपैकी काहीही अहिंसेला बाधक नाही. बाधक ठरते ती सूड उगवण्याची इच्छा.

गैरसमज ५: खरे बोलताना कुणी दुखावले, तर तो त्याचा प्रश्न.

वस्तुस्थिती: सत्य हा दुसरा यम आहे आणि भाष्यानुसार वाणी प्राण्यांच्या हितासाठी असावी. बोलणे शब्दशः खरे असूनही त्यातून केवळ घात होत असेल, तर त्याला सत्याची योग्यता येत नाही. याचा अर्थ खोटे बोलायला मुभा मिळाली असा नाही. नापास झालेल्या मुलाला निकाल खराच सांगायचा. पण त्याच दमात शेजारच्या मुलाचे टक्के ऐकवल्याने सत्यात भर पडत नाही, फक्त घाव खोल होतो.

गैरसमज ६: स्वतःच्या शरीरावर केलेली सक्ती ही साधनाच.

वस्तुस्थिती: अहिंसेच्या व्याख्येतील ‘कोणताही प्राणी’ या शब्दांत साधकही येतो. पद्मासनात मांडी बाहेर वळते ती खुब्याच्या सांध्यातून. तो सांधा मोकळा नसताना पाऊल ओढून दुसऱ्या मांडीवर ठेवले, की तो पीळ गुडघ्यावर येतो. गुडघा मुख्यतः वाकण्यासाठी आणि सरळ होण्यासाठी घडलेला आहे, त्यामुळे तिथली कूर्चा आणि अस्थिबंध दुखावतात. ताण आणि वेदना यांतला फरक ओळखून थांबणे, गरज पडल्यास अर्धपद्मासनात किंवा साध्या मांडीवर बसणे हाही अहिंसेचाच अभ्यास आहे.

गैरसमज ७: राग आला की व्रत मोडले; अहिंसा संतांनाच जमते.

वस्तुस्थिती: मनात हिंसक विचार येणार हे योगसूत्रांनी गृहीत धरले आहे आणि त्यावर प्रतिपक्षभावना हा उपाय सांगितला आहे. दुखावण्याची ऊर्मी उठताच तिचे फळ दुःख आणि अज्ञान हेच आहे, याचे चिंतन करायचे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पार्किंगवरून वाद पेटतो, एक खोचक उत्तर टाइप होते. ते न पाठवता थोडा वेळ थांबायचे. हे उत्तर कशातून आले, आपल्या जागेच्या लोभातून, रागातून की चुकीच्या समजुतीतून, हे पाहायचे. मग मुद्दा तेवढा ठेवून डंख काढून टाकायचा. जैन परंपरेने साधूंसाठी महाव्रते आणि गृहस्थांसाठी अणुव्रते सांगून टप्प्याटप्प्याची वाट आखून दिली आहे. संसारी माणसाला चालताना, शेती करताना, स्वयंपाक करताना होणारी सूक्ष्म हिंसा संपूर्ण टाळता येत नाही. टाळता येण्याजोगी हिंसा रोज थोडी कमी करणे आणि न टळणाऱ्या हिंसेबाबत बेफिकीर न होणे, हा या यमाचा गृहस्थासाठीचा व्यवहार्य अर्थ आहे.