सांध्यातली खोटी ताठरता

इंजिन ब्लॉकची मेश एका टीमकडून येते, गिअरबॉक्सच्या हाउसिंगची दुसरीकडून. पहिली बारीक, दुसरी जाड. बेल हाउसिंगच्या फ्लँजवर दोन्ही समोरासमोर आल्या की नोडला नोड क्वचितच जुळतो. सगळं नव्यानं मेश करायला वेळ नसतो, म्हणून हा सांधा गणितानं घालावा लागतो.

बारीक बाजूचा प्रत्येक नोड जाड बाजूच्या कुठल्या एलिमेंटवर पडतो, ते सॉफ्टवेअर शोधतं आणि त्या एलिमेंटच्या नोडांचं सरकणं ठरावीक वाट्यानं त्याला लावतं. याला टाय म्हणतात: बारीक बाजू स्लेव्ह, जाड बाजू मास्टर. उलट केलं तर बारीक बाजूचे मधले कित्येक नोड मोकळेच राहतात.

टाय केल्यावर पुढच्या कशाकडेही वळण्याआधी मी मॉडेल कुठेही न बांधता त्याचे कंपनाचे मोड काढते. पहिले 6 शून्य हर्ट्झजवळ हवेत: 3 सरकण्याचे, 3 फिरण्याचे. सरकण्याचे शून्यावर आणि फिरण्याचा एखादा वर चढलेला दिसला, की मी थेट फ्लँज जुळवणाऱ्या डॉवेल पिनांच्या भोकांकडे जाते. जाड मेशमध्ये गोल भोकाचा बहुभुज होतो, त्यामुळे बारीक बाजूचे नोड त्याच्या पृष्ठभागापासून थोडे दूर राहतात. अख्खं मॉडेल ताठपणे फिरलं तर त्या फटीच्या दोन टोकांनी थोडं वेगवेगळं सरकायला हवं. टाय मात्र त्यांना सारखंच सरकवतो. फट सगळीकडे एकसारखी असती, तर एक भाग किंचित सरकून मोकळा झाला असता. इथे तिची दिशा जागोजागी बदलते, म्हणून नुसत्या फिरण्यानंही धातू ताणला जातो. खऱ्या इंजिनात नसलेली ताठरता अशी शिरते. नोड पृष्ठभागावर ओढून घेतले किंवा समीकरणात फटीचं अंतर धरलं, की मोड शून्यावर येतो.

बर्नार्डी, मादे आणि पटेरा यांची मॉर्टार पद्धत सांध्याची अट एकेका नोडवर न घालता अख्ख्या पृष्ठभागावर सरासरीनं घालते. बोल्टजवळचा ताण हवा असेल तर मी तीच घेते. नुसत्या फ्रिक्वेन्सीसाठी साधा टाय बहुधा पुरतो.

पण टाय कुठवर न्यायचा? पूर्ण फ्लँज चिकटवला की पॉवरट्रेनच्या वाकण्याच्या मोडची फ्रिक्वेन्सी फुगते, कारण प्रत्यक्षात धातू मुख्यतः बोल्टभोवतीच घट्ट दाबलेला असतो. म्हणून मी बोल्टभोवतीची वर्तुळंच टाय करते. हॅमर टेस्टमध्ये मोजलेल्या फ्रिक्वेन्सीशी जुळेपर्यंत ती लहानमोठी करत बसणं मला मान्य नाही. त्यांचा आकार बोल्टच्या ताणावरून आणि फ्लँजच्या जाडीवरून आधी ठरवायचा, टेस्टचा रिपोर्ट नंतर उघडायचा.