सांडलेला चहा आणि कापडाचे तंतू

बैठकीतील गालिचावर चहाचा पेला कलंडला, की घरातील माणसे प्रथम कढत पाणी आणि साबण यांच्याकडे धाव घेतात. हेतू चांगला असतो. परंतु दुधाच्या चहाच्या डागावर याहून घातक उपाय क्वचितच सापडेल. उष्णतेने दुधातील प्रथिने तंतूंवर अधिक घट्ट बसतात, साबणातील अल्कलीमुळे चहाचा रंग गडद होतो, आणि जो डाग काही मिनिटांत निघून गेला असता तो कायमचा होऊन बसतो. काश्मीर, भदोही किंवा मिर्झापूर येथील विणकराने एकेक गाठ हाताने मारून विणलेल्या गालिचास कित्येक महिने लागलेले असतात. तो चादरीप्रमाणे उकळून वा आपटून धुता येत नाही. म्हणून डाग काढण्यापूर्वी तो कशाचा बनलेला आहे आणि कशावर पडला आहे, हे दोन्ही जाणून घेणे अगत्याचे असते.

दुधाचा चहा हा एकच पदार्थ नव्हे. त्यात चहाच्या पानांतील टॅनिनवर्गीय रंगद्रव्ये असतात, दुधातील प्रथिने व स्निग्धांश असतो, आणि साखर असते. पाने चुरडून ठेवली असता हवेतील ऑक्सिजनच्या योगाने त्यांतील मूळच्या वर्णहीन द्रव्यांपासून सोनेरी थिआफ्लाविने व तांबूस-तपकिरी थिआरुबिजिने तयार होतात. चहाचा रंग तो यांचाच. आम्ल व अल्कली यांचा या रंगावर काय परिणाम होतो, हे कोणत्याही स्वयंपाकघरात पाहता येते. बिनदुधाच्या चहात लिंबू पिळले असता चहा फिकट होतो. त्याच चहात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला असता तो काळसर होतो. कापडावर साबण चोळल्याने नेमके हेच दुसरे घडते. टॅनिन व लोहाचे क्षार एकत्र आले तर निळसर काळे द्रव्य बनते. जुन्या काळी लिहिण्याची शाई याच रीतीने करीत. तेव्हा चहाचे डाग पडलेले कपडे गंजलेल्या लोखंडी बादलीत भिजत घालणे म्हणजे त्यांवर शाई ओतण्यासारखेच आहे.

पेला कलंडल्यावर पहिले काम पुसण्याचे नसून टिपण्याचे असते. पुसल्याने द्रव पसरतो व तंतूंच्या पिळांत खोल शिरतो. पांढरे, कोरडे, सुती कापड घडी करून डागावर दाबावे. ते केशाकर्षणाने द्रव वर ओढून घेते. कापड पांढरेच हवे, कारण रंगीत फडक्याचा रंग सुटला तर एकाचे दोन डाग होतात. नंतर थोडे थोडे थंड पाणी घेऊन कडेकडून मध्याकडे, डाग वाढू न देता, टिपत राहावे. ताजा डाग बहुधा एवढ्यानेच अर्ध्याहून अधिक निघून जातो.

गालिचावर पाणी ओतण्याचा मोह मात्र आवरावा. लोकरीच्या लवीखाली सुताचा ताणा-बाणा किंवा तागाचे अस्तर असते. ओतलेले पाणी विरघळलेला रंग घेऊन तेथे जाऊन बसते. पुढे लवीच्या टोकांवरून बाष्पीभवन सुरू झाले की खालचे पाणी वर खेचले जाते व रंग टोकांशी सोडून उडून जाते. संध्याकाळी स्वच्छ दिसलेला गालिचा सकाळी पुन्हा डागाळलेला दिसतो, त्याचे रहस्य हेच. यावर उपाय सोपा आहे: ओलसर जागेवर कोरड्या पंचाची जाड घडी ठेवून तीवर वजन ठेवावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. रंग वर येतो, पण तो पंचात उतरतो.

वाळलेल्या थेंबाची कड मध्यभागापेक्षा गडद का असते, हा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी त्याचे समाधानकारक उत्तर १९९७ साली मिळाले. शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की कॉफीच्या थेंबाची कड पृष्ठभागाला जखडलेली असते व तेथून बाष्पीभवन अधिक वेगाने होते. ती तूट भरून काढण्यासाठी द्रव मध्याकडून कडेकडे वाहतो आणि कण सोबत नेतो. डाग टिपताना कडेकडे विशेष लक्ष द्यावे ते याचसाठी.

आता तंतूंकडे वळू या. सूत, ताग व तागवर्गीय तंतू सेल्युलोजचे असतात. ते सौम्य अल्कली सहज सहन करतात. लोकर व रेशीम ही प्रथिने होत. दाहक सोड्याच्या उकळत्या द्रावणात लोकर काही मिनिटांत विरघळून जाते. क्लोरीनयुक्त विरंजकानेही लोकर आणि रेशीम पिवळे पडून कुजल्यासारखे होतात. दुधासारखे डाग काढण्यासाठी आज अनेक धुलाईच्या चूर्णांत प्रथिने फोडणारी एंझाइमे घालतात. ही कल्पना जर्मन रसायनज्ञ ओटो रोम यांची, १९१३ सालची. सुती कपड्यांना ती उपकारक ठरते. पण त्या एंझाइमांना दुधाचे प्रथिन आणि लोकरीचे प्रथिन यांत भेद करता येत नाही. तंतू कोणता हे ठाऊक नसल्यास गालिचाच्या झालरीतील एक धागा तोडून, गालिचापासून दूर नेऊन चिमट्यात धरून जाळावा. सूत कागदाप्रमाणे जळते, लोकरीला केस जळाल्याचा वास येतो, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी होतो.

लोकरीच्या गालिचावरील चहासाठी पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा सौम्य, अल्कलीरहित द्रवरूप प्रक्षालक मिसळून ते फडक्याने लावावे व टिपून घ्यावे. रिठ्याचे पाणीही चालते. लोकरी व रेशमी वस्त्रांसाठी ते भारतात पूर्वापार वापरात आहे. त्यानंतर एक भाग पांढरा शिरका व दोन भाग पाणी लावून टिपावे आणि शेवटी स्वच्छ पाण्याने दोनतीनदा टिपून काढावे. हा शेवटचा भाग लोक कंटाळून सोडून देतात. राहिलेले प्रक्षालक चिकट असते. त्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात तीच जागा पुन्हा काळवंडते. कोणतेही द्रव्य आधी कोपऱ्यात लावून पाहावे, हे वेगळे सांगावयास नको.

शिरका चहाला उपयोगी, म्हणून तो सर्वांना उपयोगी असे मात्र नव्हे. बाजारी रंगीत सरबतांतील कृत्रिम रंग बहुधा लोकर रंगविण्याच्या आम्लरंगांच्या कुळातील असतात. रंगाऱ्याच्या कढईत लोकर रंगविताना आम्ल व उष्णता यांचाच उपयोग करतात. लाल सरबत सांडलेल्या गालिचावर शिरका ओतणारा माणूस नकळत रंगाऱ्याचे काम करीत असतो. तेथे थंड पाणी व सौम्य प्रक्षालकच बरे. जांभूळ व कोकम यांचा रंग अँथोसायनिनांचा असतो. तो आम्लात लाल व अल्कलीत निळसर वा हिरवट दिसतो, त्यामुळे साबण लागताच डाग निळा पडला तर घाबरू नये. हळदीच्या दुधाचा डाग साबणाने तांबडा होतो, कारण करक्युमिन अल्कलीत रंग बदलते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण सूर्यप्रकाशात विघटित होते. धुतलेली सुती चादर एकदोन दिवस उन्हात वाळविली की उरलेला पिवळा रंग विरतो.

पांढऱ्या सुती कापडावरील हट्टी डागासाठी तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड हे विरंजक बरेच सुरक्षित असते. विरंजक चूर्ण किंवा हायपोक्लोराइटचे द्रावण वापरावयाचेच झाल्यास ते सुतापुरते व एकटे वापरावे. त्यात शिरका वा दुसरे आम्ल मिसळल्यास क्लोरीन वायू बाहेर पडतो, आणि अमोनिया मिसळल्यास विषारी क्लोरामाइने बनतात. बंद न्हाणीघरात दोन उपाय एकदम करण्याची घाई जिवावर बेतू शकते.

लिंबाचे सरबत सांडले तर सहसा कोणी दखल घेत नाही, कारण ते वाळल्यावर दिसतच नाही. साखर मात्र तंतूंत राहते. पुढे त्या कापडावर तापलेली इस्त्री फिरली की ती करपून तपकिरी होते, आणि कपाटात स्वच्छ म्हणून ठेवलेल्या अभ्र्यावर डाग कोठून आला, याचा घरात शोध सुरू होतो.